दोनशेच्या नोटेवरचे मास्तर

प्रागला जायचं ठरलं ते, खरं सांगायचं तर, विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून. आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांची युरोपची यादी एकसारखीच असते. पॅरिस होतं, स्वित्झर्लंड होतं, मग आई-बाबा आले की त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा पॅरिस होतं. या वेळी आई-बाबा इंग्लंडात आलेलेच होते, लेकीला त्यांच्यापाशी सोडून आम्हा दोघांना चार दिवस मोकळे मिळत होते, आणि लग्नाला दहा वर्षं झाली हे निमित्त होतं. शेंगेन व्हिसाचं प्रकरण ज्यांनी केलंय त्यांना ते सांगायला नको. बँकेचे कागद, विमा, परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि आपण खरोखर परत येणार आहोत हे पटवून देणारं पत्र. तो गठ्ठा लावता लावता नवरा म्हणाला, "यापेक्षा आपलं लग्न जमवणं सोपं गेलं होतं."

झेक लोक युरोपियन युनियनमध्ये असले तरी त्यांचं चलन अजून कोरुनाच आहे. जुन्या शहरात 'कमिशन नाही' अशी पाटी लावलेली पैसे बदलून देणारी दुकानं जागोजागी दिसतील, तिकडे फिरकू नका. सरळ बँकेच्या एटीएममधून काढा. आम्ही तसेच काढले, तेव्हा दोनशेच्या नोटा हातात आल्या. नोटेवर एक लांब दाढीवाले गृहस्थ, आणि मागच्या बाजूला मोठ्या माणसाचा हात आणि त्याच्यापुढे आलेला लहान मुलाचा हात. खाली नाव होतं, यान आमोस कोमेन्स्की.

नाव वाचलं आणि मी मशीनसमोरच उभी राहिले. बी.एड.ला असताना 'कोमेनियस' नावाचे कुणी शिक्षणतज्ज्ञ आमच्या पेपरात टिपा लिहायला यायचे. पाठ करायचे, लिहायचे, विसरायचे. तेच हे! चक्क नोटेवर! आपल्याकडे शिक्षकांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, पण मास्तरांना नोटेवर बसवणारा देश मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचा जन्मदिवस 28 मार्च, आणि त्या दिवशी झेक लोक शिक्षक दिन पाळतात, आपण 5 सप्टेंबरला पाळतो तसा.

पुढचे चार दिवस हे मास्तर माझ्या पर्समध्ये होते आणि बऱ्याच अंशी शहर मी त्यांच्याच सोबतीने पाहिलं. म्हणून त्यांची थोडी माहिती आधीच सांगते. जन्म 1592 चा, मोराव्हियातला. प्रोटेस्टंट पंथाचे धर्मगुरू आणि हाडाचे शिक्षक. 1620 मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत इथले प्रोटेस्टंट सरदार हरले, हाब्सबुर्ग घराण्याची कॅथलिक सत्ता पक्की झाली, आणि ज्यांना धर्म बदलायचा नव्हता त्यांना देश सोडावा लागला. कोमेन्स्कींनी 1628 मध्ये सोडला. त्यानंतर पोलंड, स्वीडन, हंगेरी, हॉलंड अशी वणवण झाली, मधे 1641-42 च्या सुमारास ते लंडनलाही राहून गेले. मायदेशी परतणं काही झालं नाही, 1670 मध्ये आम्स्टरडॅमला वारले. सगळ्या मुलांना शिकवावं, मुलींनासुद्धा, आणि पहिली काही वर्षं मातृभाषेतच शिकवावं, हे या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. 1658 मध्ये चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, एकीकडे चित्र आणि खाली त्याचे शब्द. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत 'अ अननसाचा' शिकवताना आपण तेच करतो की!

राहायची जागा आम्ही मुद्दाम शहराबाहेर घेतली होती. मुद्दाम म्हणजे स्वस्त म्हणून. मेट्रोच्या लाल लाइनचं शेवटचं स्टेशन, नाव हाये. ('आहे' नव्हे, 'हाये'. कोल्हापूरकर नवऱ्याला पहिल्याच क्षणी हे स्टेशन आपलं वाटलं.) बाहेर पडलात की समोर जे दिसतं ते कुठल्याही पोस्टकार्डावर नसतं. दहा-बारा मजली, एकाला एक चिकटलेल्या, ठोकळ्यांसारख्या इमारती. कारखान्यात काँक्रीटच्या तयार भिंती ओतायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या, अशी बांधणी. या इमारतींना झेकमध्ये 'पानेलाक' म्हणतात. मला तर सिडकोच्या वसाहतीत आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की आता सगळ्यांना फिके पिवळे, हिरवे, गुलाबी रंग दिलेत आणि मधे झाडं भरपूर वाढलीत.

स्टेशनच्या बाहेर दोन अंतराळवीरांचा पुतळा आहे. एक रशियन आणि एक झेक, व्लादिमीर रेमेक. 1978 मध्ये सोव्हिएत यानातून गेलेला हा रेमेक म्हणजे रशिया आणि अमेरिका सोडून अंतराळात पोचलेला तिसऱ्याच देशाचा पहिला माणूस. आपले राकेश शर्मा 1984 मध्ये गेले ते याच सोव्हिएत योजनेतून. कम्युनिस्ट काळात या स्टेशनचं नावही 'अंतराळवीरांचं' होतं, 1990 मध्ये ते बदलून जुन्या गावाचं नाव दिलं. नामांतर हा विषय आपल्याला नवा नाही.

आमच्या घरमालकीण सत्तरीच्या. आठव्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातली एक खोली त्या पाहुण्यांना देतात. आल्या आल्या त्यांनी चपला कुठे काढायच्या ते दाखवलं (झेक घरात बाहेरच्या चपला घालून जात नाहीत, जीव भांड्यात पडला), घरात घालायच्या सपाता दिल्या आणि विचारलं, तुम्ही काय करता? नवऱ्याचं उत्तर त्यांना फारसं रुचलं नसावं, आयटीवाले पाहुणे खूप येत असतील. मी म्हटलं, आता घरीच असते, पण इंग्लंडला यायच्या आधी सहा वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवायचे. त्यांनी खुर्ची ओढली. "मी पण इतिहास. इतिहास आणि रशियन."

तेव्हापासून आम्ही दोघं आपसात त्यांना 'बाई'च म्हणायला लागलो. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. पुतळ्याचा विषय निघाला तेव्हा बाईंनी त्या काळातला एक विनोद सांगितला. रेमेक अंतराळातून परत आला तेव्हा त्याचा हात लाल झाला होता. का? तर तो कुठलंही बटण दाबायला गेला की रशियन त्याच्या हातावर चापटी मारायचे, "हात लावू नकोस!" हा विनोद तेव्हा कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे प्रत्येकाला बरोबर ठाऊक होतं, असंही बाई म्हणाल्या.

आता प्राग. जे सगळे बघतात ते आम्हीही बघितलं. ते सुंदर आहे यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा किंवा ड्रेस्डेनसारखं हे शहर बेचिराख झालं नाही, म्हणून सहाशे-सातशे वर्षांची घरं, कमानी, मनोरे अजून जागेवर आहेत. गडावरचं मोठं चर्च 1344 मध्ये बांधायला घेतलं आणि पुरं झालं 1929 मध्ये. आपल्याकडच्या पुलांची कामं रेंगाळली की आपण उगीच बोलतो. चार्ल्स पुलाबद्दल एक गोष्ट सांगतात, ती आपल्या लोकांना आवडेल. राजा चौथा चार्ल्स याने पायाभरणीला ज्योतिषाकडून मुहूर्त काढला, सन 1357, नववा दिवस, सातवा महिना, पहाटे 5 वाजून 31 मिनिटं. हे आकडे ओळीने लिहिले तर 1, 3, 5, 7, 9, 7, 5, 3, 1 असे चढतात आणि उतरतात. खरं-खोटं राजा जाणे, पण पूल अजून उभा आहे. तो बघायचा तर सकाळी सहाला जा. नऊनंतर तिथे दादरचा पूल होतो.

जुन्या चौकातल्या घड्याळासाठी मात्र थोडं थांबावं. दर तासाला खिडक्या उघडतात, बारा प्रेषित फिरून जातात, सापळा घंटा ओढतो, आणि मिनिटभरात संपतं. शंभर-दोनशे माणसं हात उंचावून मोबाइलवर टिपतात आणि "एवढंच?" म्हणत पांगतात. ती पांगली की खरं घड्याळ बघायला जागा मिळते. 1410 सालचं हे यंत्र म्हणजे चौकात टांगलेलं पंचांग आहे. सूर्य कुठल्या राशीत, चंद्राची कला कोणती, दिवस किती मोठा, हे सगळं एका तबकडीवर. बाहेरच्या कड्यावर जुने झेक तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे ते कडं वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड होणारे तासही त्यावर दाखवलेत. माझ्या आजोबांना हे घड्याळ पाच मिनिटांत कळलं असतं.

त्याच चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याला लागून, जमिनीत पांढऱ्या दगडांचे 27 क्रूस बसवलेत. पांढऱ्या टेकडीवर हरलेल्यांपैकी 27 पुढाऱ्यांना 21 जून 1621 रोजी इथे मारलं, त्यांची ही आठवण. लोक आइस्क्रीम खात त्यावरून चालत जातात. कोमेन्स्कींचा वनवास सुरू झाला तो इथून.

खाण्याचं थोडक्यात सांगते. मी शाकाहारी, तरी उपाशी राहिले नाही. ब्राम्बोराक म्हणून बटाट्याचा किस, पीठ आणि लसूण घालून थापलेलं, तळलेलं एक प्रकरण मिळतं, ते थालीपिठाच्या फार जवळचं. पनीरसारखा जाड चीजचा तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात, तेही चांगलं. आत फळ भरलेले उकडलेले गोळे वरून लोणी-साखर घालून देतात. त्यांना मोदक म्हणणार नाही, मोदकाचे दूरचे नातेवाईक म्हणेन. आणि रस्तोरस्ती नळकांड्यासारखं भाजलेलं जे गोड 'प्रागची जुनी परंपरा' म्हणून विकतात, त्याबद्दल विचारल्यावर बाई नाक मुरडून म्हणाल्या, "माझ्या लहानपणी इथे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ज्यू वस्तीत गेलो. पिंकास सिनेगॉग बाहेरून अगदी साधं. आत भिंतींवर, जमिनीपासून वरपर्यंत, नुसती नावं. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या जवळजवळ 80,000 ज्यूंची, ज्यांना नाझींनी मारलं. आडनावं लाल, पुढे नाव, जन्मतारीख, आणि शेवटची ठाऊक असलेली तारीख. आधी माणूस एकेक नाव वाचतो. मग वाचणं थांबतं आणि भिंत दिसायला लागते. मी माझ्या लेकीच्या वयाच्या जन्मतारखा शोधत होते असं लक्षात आलं तेव्हा नवऱ्याने हात धरून वरच्या मजल्यावर नेलं.

या भिंतींची स्वतःची एक कहाणी आहे. नावं पहिल्यांदा लिहिली ती 1954 ते 1959 मध्ये, दोन चित्रकारांनी, हातानं. 1968 मध्ये भिंतींना ओल लागली म्हणून सिनेगॉग बंद केलं आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते बंदच राहिलं. तेवढ्यात नावं गेली. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर 1992 ते 1996 मध्ये सगळी नावं परत, पुन्हा हातानंच, लिहून काढली. म्हणजे ती माणसं एकदा मारली गेली, एकदा भिंतीवरून पुसली गेली, आणि मग कुणीतरी पुन्हा शिडीवर चढून पहिल्या नावापासून सुरुवात केली.

वरच्या मजल्यावर चित्रं आहेत, मुलांची. प्रागच्या उत्तरेला तेरेझिन नावाचं लष्करी गाव होतं. तिथे नाझींनी ज्यूंना कोंडलं आणि तिथून पुढे ऑश्विट्झला पाठवलं. तेरेझिनमध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकर्ती मुलांना चोरून चित्रकला शिकवायची. मिळेल तो कागद, जुन्या ऑफिसातले फॉर्म, पाठकोरे. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालायचं, हा तिचा दंडक. 1944 च्या ऑक्टोबरमध्ये तिची पाळी आली तेव्हा तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे लपवली. ती स्वतः ऑश्विट्झहून परतली नाही. चित्रातली बहुतेक मुलंही नाही. चित्रं उरली, म्हणून नावं उरली. फुलपाखरं, घर, टेबलावर ठेवलेलं जेवण. कोणत्याही चौथीच्या वर्गात भिंतीवर लावलेली असतात तशीच.

बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

दुपारी वात्स्लाव चौकात गेलो. चौक म्हणायचा, आहे तो रुंद रस्ता, पाऊण किलोमीटर लांब. तिथे अचानक आपला बाटा भेटला! सबंध काचेची इमारत, 1929 सालची. लहानपणी जूनमध्ये शाळेचे बूट ज्या बाटाचे घेतले तो आपल्याला आपलाच वाटायचा, कोलकात्याचा वगैरे. तो मुळात इथला, मोराव्हियातल्या झ्लिन गावचा, 1894 पासूनचा. युद्धानंतर कारखाने सरकारजमा झाले आणि मालक कॅनडातून धंदा चालवत राहिले. चौकाच्या मधोमध मार्क्स अँड स्पेन्सरही दिसलं, आमच्या घराजवळ आहे तसंच. पण त्या इमारतीची बाल्कनी बघा. 1989 च्या नोव्हेंबरमध्ये नाटककार वात्स्लाव हावेल तिथून बोलले होते आणि खाली चौक माणसांनी गच्च भरला होता. त्या गर्दीने खिशातल्या किल्ल्या काढून वाजवल्या. अर्थ असा, की बेल झाली, आता घरी जा. राजवट खरंच गेली. गोळी न झाडता. डिसेंबर संपायच्या आत तुरुंगात जाऊन आलेले हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

चौकाच्या वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आहे. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैनिकांनी त्याच्या दर्शनी भागावर गोळ्या झाडल्या होत्या. अलीकडे इमारत दुरुस्त करताना ती भोकं दिसतील अशी ठेवलीत. समोरच्या फरशीत एक वाकलेला, वितळल्यासारखा काशाचा क्रूस आहे. यान पालाख या विद्यार्थ्याने 16 जानेवारी 1969 रोजी इथे स्वतःला पेटवून घेतलं. आक्रमणानंतर लोक हळूहळू गप्प बसायला लागले होते, त्यांना जागं करायला. तीन दिवसांनी तो गेला, वीस वर्षांचा होता. त्याच्या थडग्यावर लोक फुलं ठेवत म्हणून 1973 मध्ये पोलिसांनी तो उकरून काढला, दहन करून अस्थी आईच्या गावी पाठवल्या आणि त्या जागी भलत्याच बाईला पुरलं. 1990 मध्ये तो परत आपल्या जागी आला.

त्या रात्री बाईंनी सूप केलं होतं. मी क्रूसाचा विषय काढला. बाईंनी आधी सूप वाढलं, मग सांगायला लागल्या. त्यांचं बोलणं इंग्रजीत, तेही 1989 नंतर शिकलेलं, कारण रशियन कुणालाच नको झालं आणि रशियनच्या शिक्षकांना रातोरात इंग्रजी नाहीतर जर्मन शिकून वर्गावर जावं लागलं. "मुलांच्या एक धडा पुढे असायचे मी," म्हणाल्या, "कधी कधी तेवढीपण नाही."

1968 मध्ये त्या चौदा वर्षांच्या होत्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे गेलेल्या. पहाटे रणगाड्यांच्या आवाजाने उठल्या. गावातल्या लोकांनी रस्त्यावरच्या पाट्या उलट्या फिरवल्या होत्या, सैन्याने रस्ता चुकावं म्हणून. आजीने पाणी मागायला आलेल्या रशियन पोराला पाणी दिलं नाही, आणि मग दिवसभर ती रडत होती, की ते पण पोरगंच होतं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि 1977 मध्ये त्या शिक्षिका झाल्या तेव्हा पुस्तकात धडा होता की प्रतिक्रांती मोडून काढायला बंधुदेशांनी मदत पाठवली. "मदत," बाई परत म्हणाल्या. "बारा वर्षं मी हा धडा शिकवला. फळ्यावर मुद्दे लिहून. पेपरात प्रश्न घातला आणि 'मदत' हा शब्द लिहिला नसेल तर गुण कापले."

त्यांच्या शाळेत एक वयस्कर शिक्षक होते, त्यांनी आक्रमण योग्य होतं या कागदावर सही केली नव्हती. ते त्याच शाळेच्या तळघरात बॉयलरवर कामाला होते. बाई रोज वर्गात जाताना त्यांना नमस्कार करायच्या.

'89 च्या नोव्हेंबरमध्ये बाई चौकात गेल्या, मुलीला घेऊन. घरची किल्ली मुलीकडे, म्हणून यांनी शाळेतल्या नकाशांच्या कपाटाची किल्ली वाजवली. मी हिशेब केला, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. माझ्याएवढ्या.

"डिसेंबरमध्ये आठवीच्या वर्गात तोच धडा आला," बाई म्हणाल्या. "वरून काही आदेश नव्हता. कुणालाच काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, पुस्तक मिटा. आणि आजीच्या गावचं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. तासभर एक मूल हललं नाही. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. म्हणाला, बाई, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"मग?"

"म्हटलं, हो. तो म्हणाला, मग मागच्या वर्षी माझ्या भावाला तुम्ही या प्रश्नात नापास का केलंत?"

बाईंनी उठून बटाट्याची ताटली आणली. मी विचारलं, काय उत्तर दिलंत. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्याच वयाची आहे, म्हटलं. पुढच्या वर्षी तिची प्रवेश परीक्षा आहे, आणि शिफारस शाळेतून जाते. तो खाली बसला. त्याला कळलं. त्याच्या घरी पण तसंच असणार. पण त्याने 'ठीक आहे' असं म्हटलं नाही, आणि त्याने म्हणावं असं मला वाटलंही नाही."

तिसऱ्या दिवशी लेत्नाच्या टेकडीवर चढताना आमचं यावरून चांगलंच वाजलं. नवऱ्याचं म्हणणं, "बाई गोड आहेत, मान्य. पण पालाख वीस वर्षांचा होता. तो बॉयलरवरचा माणूस होता. म्हणजे पर्याय होता ना?" मी म्हटलं, "पालाखला आठवीतली मुलगी नव्हती." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे मूल झालं की खरं बोलणं बंद?" अडीचशेच्या वर पायऱ्या असाव्यात, बोलायला दम उरत नव्हता, म्हणून बरं.

हावेलनी 1978 मध्ये एका निबंधात भाजीवाल्याचं उदाहरण दिलं होतं. तो दुकानात कांदे-गाजरांमध्ये 'जगातील कामगारांनो, एक व्हा' अशी पाटी लावतो. त्याचा तिच्यावर विश्वास नसतो, वाचणाऱ्याचाही नसतो, पण सगळे लावतात आणि त्यावर राजवट उभी राहते. हे वाचलेलं होतं. पण वर्गात उभं राहिलेल्या माणसाला मला भाजीवाल्याच्या मापाने मोजवेना. भाजीवाल्याची पाटी कुणी वाचत नाही, बाईंचा धडा मुलं लिहून घेत होती. त्यामुळे त्यांचं ओझं जास्त, हे नवऱ्याचं मला पटतं. पण ते ओझं त्या आठव्या मजल्यावर, कोण कुठल्या पाहुण्यांना, सूप वाढता वाढता उघडून दाखवतात, 'नापास केलं' हा शब्द न गाळता. असं करणारी माणसं मला कमी भेटलीत. मी वर्गावर असताना पुस्तकाबाहेरचं उत्तर लिहिलेल्या मुलाचा पेपर हातात आला की लाल पेन कसं थबकतं, हे मला माहीत आहे. माझ्या बाबतीत पणाला फार तर मुख्याध्यापकांची नाराजी होती.

टेकडीच्या टोकाला आता एक प्रचंड लाल काटा डावीकडून उजवीकडे डोलतो, तबल्याचा ठेका धरल्यासारखा. 1991 पासूनचा. त्याच्या खालचा दगडी चौथरा जुना आहे, तिथे पोरं स्केटबोर्ड खेळतात. या चौथऱ्यावर स्टालिन होता. साडेपंधरा मीटर उंच, बावीस मीटर लांब, पुढे स्टालिन आणि मागे ओळीने कामगार, शेतकरी, सैनिक. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'मटणाची रांग'. 1 मे 1955 ला अनावरण झालं. त्याच्या काही आठवडे आधी ते शिल्प घडवणाऱ्या ओताकार श्वेत्सने आत्महत्या केली होती. पुढे रशियातच स्टालिनची पूजा बंद झाली, इथल्या सरकारची पंचाईत झाली, आणि 1962 मध्ये सुरुंग लावून सगळं उडवून दिलं.

नवरा चौथऱ्याच्या कठड्यावर बसून पाणी पीत होता. खाली नदी आणि एकामागे एक पूल, प्रागचं सर्वांत सुंदर दृश्य इथूनच दिसतं, आणि फुकट. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "या शिल्पकाराला पण पर्याय नव्हता का?" मी म्हटलं, विचार की बाईंना. त्याने नाही विचारलं. पण त्या रात्री बाईंची जेवणाची भांडी त्याने धुतली, जे तो घरी सांगितल्याशिवाय करत नाही.

शेवटच्या सकाळी बाईंना कोमेन्स्कींचं नाव देवनागरीत लिहून दिलं. त्यांनी ते तिथेच तीनदा गिरवलं, पाय मोडलेला न त्यांना काही केल्या जमेना. बदल्यात नवऱ्याची तोंडी परीक्षा झाली. झेकमध्ये र आणि झ एकदम म्हणायचा एक उच्चार आहे, द्वोर्झाकच्या नावात येतो तो. चार दिवस बाई त्याच्याकडून घोटून घेत होत्या. दारात, बॅगा हातात असताना त्यांनी त्याला शेवटचं म्हणायला लावलं आणि दहापैकी चार गुण दिले. त्याचं तोंड उतरलेलं बघून म्हणाल्या, "इंग्रजांना मी दोन देते."